मिनिॲपोलिसचा ॲटमॉस्फिअर: स्वतःच्या मालकीवर टिकलेला हिपहॉप गट

तुमच्या हिपहॉप गटासाठी तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. मोठ्या कंपनीच्या दावणीला न बांधता एखादा हिपहॉप गट वीस-पंचवीस वर्षे टिकल्याचे खरे उदाहरण कोणते, ही पहिली. आणि त्या गटाची ध्वनिमुद्रणे कोणत्या क्रमाने ऐकली म्हणजे त्याने हे कसे साधले ते उमगेल, ही दुसरी. मी अठरा वर्षे ध्वनिमुद्रण आणि मिक्सिंगचे काम करतो आहे, त्यातली बरीच वर्षे रॅप करणाऱ्या मुलामुलींबरोबर गेली आहेत, आणि दोन्ही प्रश्नांना माझ्याकडे एकच उत्तर आहे: अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या मिनिॲपोलिस शहराचा ॲटमॉस्फिअर हा गट. न्यूयॉर्कच्या कंपनी फ्लोने स्वातंत्र्याची भाषा याहून प्रखरपणे मांडली आणि १९९७ चा त्यांचा ‘फंक्रशर प्लस’ हा अल्बम आजही अंगावर काटा आणतो, पण तो गट आणखी एका अल्बमनंतर विसर्जित झाला. ॲटमॉस्फिअर टिकला. का टिकला, हे समजण्यासाठी त्यांचा आवाज आणि त्यांचा व्यवहार वेगवेगळे पाहून चालत नाही, कारण माझ्या मते ते दोन्ही एकाच निर्णयातून आलेले आहेत.

गट म्हणजे मुळात दोन माणसे. शब्द आणि आवाज स्लगचा, म्हणजे शॉन डेलीचा. ठेका आणि संगीत अँटचे, म्हणजे अँथनी डेव्हिसचे. सुरुवातीला डेरेक टर्नर, अर्थात स्पॉन, हा तिसरा सदस्य होता. किंबहुना आधी रॅप करणारा स्पॉनच होता आणि स्लग त्याच्या मागे रेकॉर्ड फिरवीत असे. १९९७ च्या ‘ओव्हरकास्ट’ या पहिल्या अल्बमवर दोघांचेही आवाज आहेत, त्यानंतर स्पॉन बाहेर पडला. तेव्हापासून जे उरले ते शाहीर आणि ढोलकीवाल्याच्या जोडीसारखे आहे: एक बोलतो, दुसरा त्याच्या बोलण्याला जागा करून देतो, आणि दोघांपैकी कोणीही बदलला तर फड मोडेल.

मिनिॲपोलिसविषयी थोडे सांगायला हवे, कारण या गटाच्या गाण्यांत ते शहर सतत आहे. कडाक्याची, महिनोन्‌महिने चालणारी थंडी, न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिस या हिपहॉपच्या दोन्ही राजधान्यांपासून दूर, आणि लोकसंख्येत गोऱ्यांचे बहुमत. प्रिन्स या गायकाचे हे गाव. ‘फर्स्ट अव्हेन्यू’ हे त्याने जगप्रसिद्ध केलेले सभागृह इथलेच. १९८० च्या दशकात इथल्या रॉक गटांनी छोट्या स्थानिक कंपन्यांमार्फत रेकॉर्ड काढून, व्हॅनमध्ये बसून गावोगाव वाजवण्याची पद्धत पाडली होती. मिश्र वंशाचा, दक्षिण मिनिॲपोलिसमध्ये वाढलेला आणि तिथल्या ‘इलेक्ट्रिक फीटस’ या रेकॉर्डच्या दुकानात काम केलेला स्लग या पद्धतीपासून फार लांब नव्हता. रेकॉर्ड कशी विकली जाते, कोणती पेटीत पडून राहते आणि गिऱ्हाईक काय विचारते, हे दुकानाच्या गल्ल्यामागे उभ्या राहणाऱ्या माणसाला आयतेच कळते.

१९९५ मध्ये स्लग, अँट, मुसाब आणि सिद्दिक या नावाने ओळखला जाणारा ब्रेंट सेयर्स या चौघांनी ‘राइमसेयर्स’ ही संस्था सुरू केली. आधी ‘हेडशॉट्स’ या मित्रमंडळाच्या कॅसेट हातोहात विकल्या जात. संस्थेने त्या उद्योगाला नाव आणि शिस्त दिली. १९९९ मध्ये त्यांनी मिनिॲपोलिसमध्ये ‘फिफ्थ एलिमेंट’ नावाचे स्वतःचे दुकान उघडले, जे २०२० पर्यंत चालले. म्हणजे लिहिणारा, वाजवणारा, छापणारा आणि विकणारा हे सगळे एकाच घरचे झाले. गाणे मुद्रित करणे आणि ते गिऱ्हाइकाच्या हाती पडणे यांच्यामध्ये जितके हात लागतात, तितके वाटेकरी होतात, आणि प्रत्येक वाटेकऱ्याला गाण्यात काही ना काही बदल हवा असतो. राइमसेयर्सने हे हात कमी केले. त्याचा परिणाम केवळ पैशांवर झाला असता तर मी इतके लिहिले नसते. परिणाम थेट आवाजावर झाला.

आता ऐकण्याकडे वळू. ‘ओव्हरकास्ट’पासून सुरुवात करू नका. तो अल्बम महत्त्वाचा आहे, पण त्यात स्लगला अजून स्वतःचा स्वर सापडलेला नाही. बरीचशी गाणी आपण किती चांगले रॅप करतो हेच सांगतात, आणि त्या काळात तसे सांगणारे शेकडो होते. अपवाद ‘स्केपगोट’चा. पियानोच्या एका छोट्या, उदास तुकड्यावर स्लग आपल्या दुःखाला जबाबदार असलेल्या गोष्टींची यादी वाचत जातो: कॅफीन, निकोटीन, अशी एकामागून एक. श्वास घ्यायला जागा न ठेवता वाढत जाणारी ही यादी ऐकताना हळूहळू लक्षात येते की यादी जितकी लांब, तितका यादी करणारा स्वतःपासून दूर पळतो आहे. शीर्षकाचा अर्थच बळीचा बकरा. पुढची दहा वर्षे हा माणूस काय लिहिणार आहे, त्याचे बीज इथे आहे.

पूर्ण अल्बम ऐकायला सुरुवात करा ती २००१ च्या ‘लुसी फोर्ड’पासून. आधी काढलेल्या छोट्या रेकॉर्डवरील गाणी एकत्र करून हा अल्बम झाला, आणि तो पूर्णपणे अँटचा नाही. जेल आणि मूडस्विंगनाइन या संगीतकारांचीही काही गाणी त्यात आहेत. ‘लुसी फोर्ड’ हे नाव जरा भरभर उच्चारून पाहा: लुसिफर, म्हणजे सैतान, ऐकू येतो. ही लुसी कधी प्रेयसी असते, कधी व्यसन, कधी प्रसिद्धीची हाव, आणि स्लग तिच्यावर चिडतो, तिला शरण जातो, तिच्याशी भांडतो. हिपहॉपमध्ये फुशारकी मुबलक होती, पण स्वतःची दुबळी बाजू इतक्या थेटपणे मांडणारे फार थोडे होते, आणि म्हणूनच पुढे ‘इमो रॅप’ हा शब्द रूढ होताना त्यात स्लगचे नाव आघाडीवर राहिले. २००२ च्या ‘गॉड लव्ह्ज अग्ली’मध्ये हीच लुसी अधिक कडवट होऊन परत येते. या अल्बमवर अँटचे संगीत पहिल्यांदा पूर्ण जुळलेले जाणवते: ड्रम कोरडे आणि पुढे, बास जाड, आणि वर जुन्या सोल किंवा रॉक रेकॉर्डवरून घेतल्यासारखा वाटणारा, थोडासा मळलेला सुरांचा तुकडा, जो स्लगच्या आवाजाच्या पट्टीत कधीही घुसत नाही. मिक्सिंग करणाऱ्या कोणीही हा अल्बम समोर ठेवून शिकावे. शब्द ऐकू येण्यासाठी आवाज वाढवायचा नसतो, बाकीच्यांनी बाजूला सरायचे असते, हे अँटने ठेक्याच्या रचनेतच साधले आहे.

माझी एक तक्रार इथेच नोंदवतो. लुसीच्या गाण्यांत स्त्री पुष्कळदा केवळ दोष टाकण्याची खुंटी होते. रचनेचे कौशल्य कितीही असले तरी ती गाणी आज ऐकताना मला अवघडल्यासारखे होते, आणि गटाचा पुढचा प्रवास मला महत्त्वाचा वाटतो त्याचे एक कारण हेच की स्लग त्या जागेवर थांबला नाही.

२००३ च्या ‘सेव्हन्स ट्रॅव्हल्स’शी माझे वैयक्तिक नाते आहे. माझा मावसभाऊ तेव्हा मिनेसोटात शिकत होता, आणि सुट्टीत घरी येताना त्याने ही सीडी आणली. शेवटचे गाणे संपले म्हणून मी उठलो, चहा ठेवायला गेलो, आणि बऱ्याच वेळाच्या शांततेनंतर खोलीतून पुन्हा आवाज येऊ लागला. शेवटच्या गाण्याच्या पोटात ‘से श्श’ हे गाणे लपवलेले होते. ज्या मध्य-पश्चिम भागाला अमेरिकेचे मोठे शहरवाले हिशेबात धरत नाहीत, त्या भागातल्या आपल्या साध्या, शांत गावावरचे प्रेम स्लग तिथे सांगतो. आपल्या गावाविषयी बढाई न मारता अभिमानाने बोलता येते, हे मला त्या स्वयंपाकघरात उभे राहून कळले. हा अल्बम थोडा लांबला आहे, दोन-तीन गाणी कमी असती तर तो अधिक घट्ट झाला असता. पण व्यवहाराच्या दृष्टीने तो वळणाचा आहे. तो लॉस एंजेलिसच्या ‘एपिटाफ’ या पंक रॉकच्या स्वतंत्र कंपनीच्या साथीने काढला गेला. त्यामुळे हिपहॉपच्या नेहमीच्या श्रोत्यांखेरीज पंक ऐकणारी मुलेही त्यांच्या कार्यक्रमांना येऊ लागली.

कार्यक्रमांविषयी स्वतंत्रपणे लिहायला हवे, कारण या गटाचा पाया तिथे आहे. रेडिओ आणि दूरचित्रवाणी हाताशी नसताना त्यांनी लहान लहान शहरांत जाऊन वाजवले, आणि दौऱ्यावर विकण्यासाठी ‘सॅड क्लाउन बॅड डब’ या मालिकेतील ध्वनिमुद्रणे काढली. त्यांतली काही अगदी घरगुती दर्जाची आहेत, आणि मुद्दाम तशीच ठेवलेली. श्रोत्याला दुकानात न मिळणारी वस्तू कार्यक्रमात मिळते, गटाला त्याच रात्री पेट्रोलचे पैसे मिळतात, आणि पुढच्या खेपेला तोच श्रोता चार मित्र घेऊन येतो. त्या वर्षांत मंचावर रेकॉर्ड फिरवायला सिनसिनाटीचा मिस्टर डिब्ज असे, आणि स्लगच्या बाजूला अनेकदा शेजारच्या सेंट पॉल शहराचा तरुण, विलक्षण हजरजबाबी रॅपर आयडिया असे, ज्याने २००० मध्ये दूरचित्रवाणीवरील रॅपची झुंज जिंकली होती.

याच दौऱ्यांतली एक घटना अतिशय दुःखद आहे. २००३ मध्ये न्यू मेक्सिकोत त्यांच्या कार्यक्रमाच्या ठिकाणी एका किशोरवयीन श्रोतीचा खून झाला. २००५ च्या ‘यू कान्ट इमॅजिन हाउ मच फन वी आर हॅविंग’ या अल्बममधील ‘दॅट नाइट’ हे गाणे त्या रात्रीविषयी आहे. त्याच अल्बमवर ‘लिटल मॅन’ आहे, जे मी रॅप लिहू पाहणाऱ्या प्रत्येकाला ऐकवतो. तीन कडवी म्हणजे तीन पत्रे: पहिले मुलाला, दुसरे वडिलांना, तिसरे स्वतःला. ठेका तोच राहतो, पण प्रत्येक पत्रात बोलणाऱ्याचा अधिकार बदलतो. मुलाशी बोलताना तो बाप असतो, वडिलांशी बोलताना मूल, आणि स्वतःशी बोलताना त्याला लपायला कोणतेच नाते उरत नाही. आवाजातला फरक बारीक आहे, म्हणून हेडफोन लावून ऐका.

आता ज्याच्यासाठी मी हे उत्तर लिहायला बसलो तो अल्बम. एप्रिल २००८ मध्ये ‘व्हेन लाइफ गिव्ज यू लेमन्स, यू पेंट दॅट शिट गोल्ड’ प्रसिद्ध झाला. त्याआधी काही महिने त्यांनी ‘स्ट्रिक्टली लीकेज’ हा अख्खा अल्बम फुकट वाटला होता, आणि चार ऋतूंच्या नावांनी चार छोट्या ध्वनिमुद्रिकाही एकामागून एक काढत होते. त्यांपैकी उन्हाळ्याच्या ध्वनिमुद्रिकेवर ‘सनशाइन’ आहे: आदल्या रात्रीच्या दारूने डोके भणभणत असलेला माणूस उन्हात बाहेर पडतो आणि सायकल चालवता चालवता बरा होतो, एवढेच गाणे. ‘लेमन्स’ बिलबोर्डच्या मुख्य यादीत, म्हणजे अमेरिकेतील खपाच्या अल्बमांच्या क्रमवारीत, थेट पाचव्या क्रमांकावर आला आणि पहिल्या आठवड्यात त्याच्या सुमारे ३६,००० प्रती विकल्या गेल्या. वितरणासाठी तोवर वॉर्नरचे जाळे वापरले जाऊ लागले होते, पण वितरण म्हणजे मालकी नव्हे. माल पोहोचवणाऱ्याला त्याचा हिस्सा मिळतो. मूळ ध्वनिमुद्रण, ज्याला आपण मास्टर म्हणतो, ते कोणाचे हा प्रश्न वेगळा. हा फरक तुमच्या गटाने पहिल्या दिवशीच पाठ करावा. माझ्याकडे मुद्रण केलेल्या एका गटाने हा फरक न ओळखता कागदावर सही केली, आणि आज त्यांना स्वतःचे गाणे स्वतःच्या चॅनेलवर टाकता येत नाही.

‘लेमन्स’मध्ये दोन बदल एकदम झाले. पहिला संगीतातला. अँटच्या ठेक्यांबरोबर प्रत्यक्ष गिटार, कीबोर्ड आणि बास वाजवणारे वादक आले. सॅम्पल, म्हणजे जुन्या रेकॉर्डवरून उचललेला तुकडा, वापरला की दोन परवानग्या लागतात, एक रचनेची आणि एक मूळ मुद्रणाची. १९९१ मध्ये अमेरिकेच्या न्यायालयाने बिझ मार्की या रॅपरच्या प्रकरणात परवानगीविना घेतलेल्या तुकड्याला चोरी ठरवल्यापासून या परवानग्यांचा खर्च वाढत गेला. पाचशे प्रती काढणाऱ्या गटाकडे कोणी पाहत नाही, पण पहिल्या पाचांत येणाऱ्याकडे सगळे पाहतात. वादकांकडून नवे वाजवून घेतले की मूळ मुद्रणाच्या परवानगीचा प्रश्नच उरत नाही, आणि रचनाही नवी असेल तर जे तयार होते ते पूर्णपणे आपले असते. आवाज आणि व्यवहार एकाच निर्णयातून आले, असे मी वर म्हटले त्याचा अर्थ हा: मालकी राखायची असेल तर आवाजही बदलावा लागतो. त्यातून ‘गॅरंटीज’सारखे गाणे जन्माला आले, ज्यात एक गिटार आणि एक दमलेला कष्टकरी माणूस याखेरीज काहीही नाही. ड्रमशिवाय रॅप उभा राहतो का, अशी शंका ज्यांना असेल त्यांनी ते ऐकावे.

दुसरा बदल शब्दांतला, आणि तो माझ्या मते अधिक मोठा. स्लगने ‘मी’ बाजूला ठेवला. या अल्बममधली बहुतेक गाणी दुसऱ्यांच्या गोष्टी आहेत. ‘द वेट्रेस’ हे गाणे उपाहारगृहात रोज येणाऱ्या एका बेघर माणसाच्या तोंडी आहे. तिथल्या वाढपी बाईशी त्याची रोज खडाजंगी होते, आणि त्या खडाजंगीतच त्याचा माणसांशी उरलेला एकमेव धागा आहे. त्यात मागे तोंडाने ठेका धरणारा खरखरीत आवाज टॉम वेट्सचा आहे. इतका मोठा गायक आणि त्याला गायला न लावता नुसता ठेका धरायला लावला, ही निवड मला फार आवडते. वर्षानुवर्षे लुसीवर चिडणाऱ्या माणसाने इथे एका कावलेल्या बाईला तिची बाजू दिली आहे.

‘यस्टरडे’ मात्र जरा बारकाईने पाहू, कारण रचना म्हणून ते गटाचे सर्वोत्तम गाणे आहे. पियानोचा उजळ, जवळजवळ आनंदी तुकडा फिरत राहतो. बोलणारा म्हणतो की काल मला तू दिसल्यासारखे वाटले. आपण जुन्या लुसीच्या सवयीने गृहीत धरतो की हे सोडून गेलेल्या प्रेयसीविषयी आहे. तुझी चाल, आपली भांडणे, मी न बोललेले शब्द, हे सगळे त्या अर्थाने बसत जाते. अगदी शेवटच्या ओळीत कळते की जिला आपण प्रेयसी समजत होतो ती व्यक्ती म्हणजे त्याचे वडील आहेत, आणि ते आता हयात नाहीत. गाणे तिथेच संपते. दुसऱ्यांदा ऐकताना प्रत्येक ओळीचा अर्थ बदललेला असतो. आनंदी पियानो का ठेवला, हेही तेव्हाच कळते: उदास सूर असता तर शेवट आधीच फुटला असता. शब्द लिहिणारा आणि ठेका करणारा एकमेकांचे मन जाणत असल्याशिवाय असे गाणे होत नाही, आणि ते जाणायला या दोघांना दहा-बारा वर्षे लागली होती. दर अल्बमला नवा निर्माता आणा असे सांगणारी कंपनी त्यांच्या डोक्यावर असती तर ती वर्षे मिळालीच नसती.

त्याच वर्षी राइमसेयर्सने ‘साउंडसेट’ हा दिवसभराचा हिपहॉप महोत्सव मेट्रोडोम क्रीडागाराच्या वाहनतळावर भरवला. पुढे तो जवळच्या शकोपी गावातल्या कँटरबरी पार्कमध्ये गेला, २०१६ पासून राज्याच्या जत्रेच्या मैदानावर, आणि २०१९ पर्यंत चालला. एमएफ डूम या रॅपरचा ‘एमएम फूड’ २००४ मध्ये याच संस्थेने काढला, रॅपर ब्रदर अली इथलाच, आणि पुढे रॅपर एसॉप रॉकही इथे आला. एका गटाने उभारलेल्या छपराखाली इतरांची सोय झाली.

नंतरच्या काळाविषयी थोडक्यात. २०१० मध्ये आयडिया वयाच्या २८ व्या वर्षी गेला. २०११ च्या ‘द फॅमिली साइन’वर गिटारवादक नेट कॉलिस आणि कीबोर्डवादक एरिक अँडरसन गटाचा भाग म्हणून वाजवतात, आणि तो अल्बम इतका संथ आहे की अनेक जुने श्रोते नाराज झाले. मी नाराज नाही. घरातल्या मारहाणीत अडकलेल्या स्त्रीला उद्देशून असलेले ‘द लास्ट टू से’ त्या संथपणाविना शक्य नव्हते. २०१४ च्या ‘साउथसायडर्स’वर ‘फ्लिकर’ आहे, आयडियाला उद्देशून लिहिलेले. मित्राच्या मृत्यूवर गाणे लिहिताना आपण त्याचा वापर तर करत नाही ना, ही टोचणी त्या गाण्यात उघडपणे आहे. २०१६ चा ‘फिशिंग ब्लूज’ मला विस्कळीत वाटतो. २०१८ चा ‘मी विदा लोकल’ मात्र चुकवू नका. पन्नाशीकडे निघालेला बाप, मुलांना मागे ठेवून जाण्याची भीती आणि आपलीच गल्ली, एवढ्या ऐवजावर तो अल्बम उभा आहे.

म्हणून माझा क्रम असा राहील: आधी ‘लेमन्स’मधले ‘यस्टरडे’ एकटे, सलग दोनदा. मग ‘लुसी फोर्ड’ आणि ‘गॉड लव्ह्ज अग्ली’, जेणेकरून ‘यस्टरडे’ने आपल्याला कसे चकवले ते कळेल. मग ‘लिटल मॅन’, मग ‘लेमन्स’ संपूर्ण, आणि त्यानंतर ‘मी विदा लोकल’. ‘ओव्हरकास्ट’ सगळ्यात शेवटी ऐका, आणि त्यातही ‘स्केपगोट’ शेवटच्या शेवटी. तोवर त्या यादीतली प्रत्येक गोष्ट तुमच्या ओळखीची झालेली असेल. तुमच्या गटातला ठेका करणारा मुलगा ऐकायला बरोबर असेल तर ‘गॉड लव्ह्ज अग्ली’ची पाळी आली की त्याला एवढेच सांगा की शब्द सुरू होतात तेव्हा अँट काय काय काढून घेतो ते वहीत लिहून ठेव.